गोळीतला ळ

आई,

परवा एका मुलीच्या तोंडून "आई गं" ऐकलं आणि माझ्या हातातली सुई थबकली. ते तुला सांगावं म्हणून लिहायला बसले, आणि बसल्यावर कळतंय की सांगायचं ते निराळंच आहे. तू गेलीस तेव्हा झाशीत एमआरआयचं मशीन निदान माझ्या पाहण्यात तरी नव्हतं. आता सिविल लाइंसमधल्या ज्या सेंटरवर मी बसते तिथे एक आहे. पांढरीशुभ्र, माणूस झोपवून आत सरकवायची नळी. तुला दाखवलं असतं तर पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, "बाई बाई, ह्यात धडधाकट माणूससुद्धा गुदमरेल." आत ठकठक, घरघर, मध्येच भोंग्यासारखा आवाज, आणि पाऊण तास हलायचं नाही. म्हणून पेशंटच्या हातात आम्ही एक रबरी फुगा देतो. घाबरलं, जीव कासावीस झाला, की तो दाबायचा. बाहेर आमच्या टेबलावर घंटी वाजते आणि आम्ही त्याला बाहेर काढतो. हा फुगा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मुलगी इथून जवळच्या बरुआसागरहून आली होती. वय सव्वीस-सत्तावीस, चेहरा उतरलेला. सोबत नवरा, सासरे आणि सासू. पोट दुखतं म्हणून कुठेतरी सीटी स्कॅन केला होता, त्यात लिव्हरमध्ये लिंबाहून मोठी गाठ दिसली, आणि रिपोर्टात लिहून आलं होतं की कॅन्सर नाकारता येत नाही. हे "नाकारता येत नाही" आम्ही लोक किती सहज लिहितो म्हणून सांगू! आमची मान सुटते आणि दुसऱ्याची अडकते. घरात त्या दिवसापासून तिच्या हातचं पाणीसुद्धा जपून घेतलं जात असावं, असं तिच्या उभं राहण्यावरून वाटत होतं. सासरे माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "डाक्टर साहब, साफ-साफ लिख दीजिए. कैंसर है तो मायके भेज दें, वो लोग देखें. नहीं है तो फिर अब घर में बच्चा आए, बहुत हो गया." नवरा मोबाइलमध्ये बघत उभा होता. मला इतका राग आला ना आई, की मी फॉर्मवर तारीख दोनदा लिहिली.

तुला थोडं समजावून सांगते, तू नेहमी म्हणायचीस की तुझी डॉक्टरकी मला कळेल अशी सांग. लिव्हरमधली प्रत्येक गाठ वाईट नसते. कितीतरी साध्या असतात. एक असते नुसता रक्तवाहिन्यांचा गुच्छ. औषधाचं इंजेक्शन दिलं की ती कडेकडेने हळूहळू भरत जाते, तिला हात लावायचं कारण नसतं. दुसरी लिव्हरच्याच पेशींची, मधोमध एक वण असलेली, तीही जन्मभर गप्प बसून राहते. तिसरी ॲडेनोमा. ती कॅन्सर नाही, पण अगदीच गरीब गायही नाही. मोठी झाली तर फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि गरोदरपणात तर जास्तच जपावं लागतं. पंचाईत अशी की ती चित्रात कधीकधी हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. इंजेक्शननंतर वीस मिनिटांनी आम्ही शेवटचं चित्र घेतो. तोवर निरोगी लिव्हरने औषध पिऊन घेतलेलं असतं, ते पांढरं दिसतं. वण असलेली साधी गाठही बहुतेक वेळा पिते. ॲडेनोमा सहसा पीत नाही, कॅन्सरही पीत नाही, दोघी काळ्या. मग चित्र बाजूला ठेवून विचारपूस करावी लागते. ॲडेनोमा बहुतेक वेळा त्या बायकांना होते ज्यांनी वर्षानुवर्षं मूल न होण्याच्या गोळ्या घेतलेल्या असतात. त्या एका उत्तरावर पारडं फिरतं.

आणि ते उत्तर मिळेना. फॉर्म भरताना मी तिला विचारत होते आणि सासू सांगत होती. "कोई गोली-दवाई लेती हो?" म्हटलं, तर मुलीने तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली, "जे कछू नईं खात, डाक्टरनी जी. गोली तो कभऊं देखी नईं." सासरे तिथेच उभे. म्हटलं, कपडे बदलायच्या खोलीत एकटी सापडेल, तर सासू तिथेही हजर. मशीनमध्ये धातू चालत नाही, तेव्हा मंगळसूत्र, बांगड्या, पायातली जोडवी, एकेक उतरवून ती रुमालात बांधत होती. उंच, हाडापेराने मोठी बाई, कपाळावर आठी. मी मनात म्हटलं, ही हिला श्वाससुद्धा विचारून घ्यायला लावत असेल. मग मी मुलीच्या हातात सुई घातली, शीर सापडेना, पुन्हा टोचली, आणि मुलीच्या तोंडून निघालं, "आई गं!" माझे टेक्निशियन, त्यांना मी भैया म्हणते, पंधरा वर्षांपासूनचे माझे सोबती, हसून म्हणाले, "मैडम, ये तो आपकी तरफ़ की निकलीं." मी तिच्याकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "पापा रेलवे में थे." सासू रुमालाची गाठ मारत होती.

त्या क्षणी मला काय आठवायला हवं होतं? तू, आणि खंडेराव गेटजवळचं ते कापडाचं दुकान. बाहेर पडलं की तू मराठीचं हत्यार करायचीस. भाजीवाल्यापुढे, टांगेवाल्यापुढे, माझ्या हिंदी शाळेतल्या बाईंपुढेसुद्धा. त्या दुकानात तू मला मोठ्याने म्हणालीस, "ह्या मेल्याचा गज आखूड आहे, चल इथून." आणि तो म्हातारा दुकानदार शांतपणे म्हणाला, "बाईसाहेब, गज पुरा आहे. आमच्या सात पिढ्या ह्याच गावात गेल्या, मापात खोट नाही." तुझी मान खाली ती खालीच. घरी येऊन दाराशी चपला काढताना तू म्हणालीस, "ह्या गावात मराठी जपून बोलावी गं. कोण कुठला निघेल सांगता येत नाही." चाळीस वर्षं मी ही गोष्ट लोकांना हसत सांगत आले, आणि ऐन वेळी विसरले.

तर ऐक. मुलगी आत गेली. सासूला बाहेर बसवायला हवं होतं, पण ती हटेचना. "हम इतई बैठहैं," म्हणून आमच्या खोलीत स्टुलावर ठाण मांडून बसली. काचेपलीकडे नळीत मुलीचे फक्त पाय दिसतात, पायात आमचे निळे मोजे. भैया माइकवर सांगतायत, सांस अंदर लीजिए, बाहर, अब रोकिए. ती रोखते. इतकी छान रोखते की भैया म्हणाले, बहुत अच्छे, और मैं मनात म्हणते, हिला सवय आहे. बघ, लिहितानाही माझं हिंदी मध्ये घुसलं. एकेक चित्र येतंय. गाठीत चरबी आहे, एका बाजूला जुनं रक्त सांडल्याची खूण आहे. इंजेक्शननंतर गाठ झगझगीत उजळली आणि मग मावळली. बाकीचं लिव्हर मात्र स्वच्छ, नितळ. कॅन्सर म्हणावं तर त्याला धरायला जागा आहे, ॲडेनोमा म्हणावं तर त्यालाही आहे. वीस मिनिटं थांबायचं होतं. मशीन गप्प, मुलगी आत, सासू स्टुलावर. मुलगी आतून बोलली तर स्पीकरवर सगळ्यांना ऐकू येणार. मग मला ते सुचलं, आणि आई, मला स्वतःचं काय कौतुक वाटलं म्हणून सांगू!

मी भैयांच्या हातून माइक घेतला आणि मराठीत म्हणाले, "बाळ, माझं ऐक. तोंडाने काही बोलू नकोस. पोटात मूल राहू नये म्हणून गोळी घेतेस का? हो असेल तर फुगा दाब." काही नाही. पाय हलले. मी म्हटलं, "मी कुणाला सांगणार नाही. पण मला कळलं नाही तर मी कागदावर कॅन्सर लिहीन." हे बोलायला नको होतं, धमकीच ती. पण बोलले. आणि घंटी वाजली. "रोज?" घंटी. "जितकी वर्षं झाली तितक्या वेळा दाब." एक, दोन, तीन. मग इतका वेळ गेला की मला वाटलं संपलं, आणि चौथी. भैया घाबरून म्हणाले, "मैडम, निकाल लें? घबरा रही हैं." मी म्हटलं, "नहीं भैया, ठीक हैं, मैं ही बात कर रही हूँ." सासू काचेतून त्या पायांकडे बघत होती. तिने एवढंसुद्धा विचारलं नाही की घंटी का वाजतेय. मी म्हटलं, अडाणी आहे बिचारी, काय कळणार. शेवटच्या चित्रात गाठ काळी आली, लिव्हर पांढरंशुभ्र. आता मला ते वाचता येत होतं.

मुलगी कपडे बदलायला गेली तशी सासू उठली, खोलीचं दार लावलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता भांडण. ती खालच्या आवाजात म्हणाली, "हम समझ गए ते. हमाई मताई के घरै मराठी बोली जात ती. बोल नईं पाउत, समझ सब लेत." तिचं माहेर खंडेराव गेटजवळचं, जुन्या मराठी घरातलं. सुनेला हे ठाऊक नाही. सून चार वर्षं परसात उभी राहून फोनवर आपल्या आईशी मराठीत बोलते, गोळीचं, भीतीचं, सगळं, आणि ही चुलीशी बसून ऐकते. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात मूल गेलं होतं आणि सूनही जाता जाता राहिली. "हमने अपने हाथन से धोओ है वो खून," ती म्हणाली. "फिर से कैसें कहते?" मग मघाचं "गोली कभऊं देखी नईं" ते कुणासाठी? सासऱ्यांसाठी. ते तिथे उभे होते ना. मी तिच्या आठीकडे बघत होते आणि मला ती आठी आता वेगळीच दिसायला लागली. मग तिने माझ्या हाताला धरलं आणि कसंबसं एक मराठी वाक्य जुळवून म्हणाली, "बाई, कागदावर गोळी लिहू नका." आई, तो ळ! काय स्वच्छ, जीभ मागे वळवून, तुला हवा होता तसा.

साध्या गाठीला वाईट समजू नये ह्याचाच मला पगार मिळतो, आणि मी त्या बाईला स्टुलावर बसताक्षणी वाईट ठरवून मोकळी झाले होते. असो. मी रिपोर्ट लिहिला. लिहिलं की ॲडेनोमाशी जुळणारी गाठ आहे, कॅन्सरची शक्यता कमी वाटते, लिव्हरच्या तज्ज्ञांना दाखवावं, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करावा. गोळीचं त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं, कागदावर नाही. मुलीला कपडे बदलायच्या खोलीशी गाठून सांगितलं की गोळी आजपासून बंद, दुसरे उपाय असतात, डॉक्टर सांगतील. आणि रिपोर्टच्या खाली ठळक अक्षरात एक ओळ घातली, की तज्ज्ञांचा निर्णय होईपर्यंत गर्भधारणा टाळावी. त्यात काही खोटं नाही, वैद्यकात तसंच सांगतात. सासऱ्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "लिखा है तो फिर लिखा है," म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात घातला. जे ती मुलगी चार वर्षं लपूनछपून करत होती ते आता त्यांच्याच खिशात होतं. जाताना सासूने आल्याची एक पिशवी भैयांच्या टेबलावर ठेवली, बरुआसागरचं ओलं आलं. घरी येऊन मी त्याचा चहा केला आणि तो तसाच गार झाला.

कारण तुझ्यासाठी असा कागद कुणी लिहिला नव्हता. आता ते सांगते. रेल्वे क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर, ओट्यावर डाव्या हाताला रव्याचा डबा. रव्याच्या आत, कागदात गुंडाळून, दवाखान्यातल्या गोळ्यांची पट्टी. शेजारच्या काकू ती तुला आणून द्यायच्या. आम्ही दोघी बहिणी, आणि आत्याला भाचा हवा होता. विधवा बहीण म्हणून बाबा तिचा शब्द खाली पडू देत नसत. एक दिवस रवा चाळताना माझ्या हाताला पट्टी लागली आणि तू माझं मनगट धरून म्हणालीस, "कुणाला बोलायचं नाही." मी नऊ वर्षांची होते. मी कुणाला बोलणार नव्हते. पण पुढच्या रविवारी नाशिकचे पाहुणे आले, मी त्यांच्यासमोर "मला केली पाहिजे" म्हटलं आणि सगळे हसले. तुला फार लागलं ते. झाशीत राहून पोरीच्या जिभेवर ळ राहिला नाही, हे तुझं हसं झालं. तू मला सगळ्यांसमोर उभं केलंस आणि म्हणवून घेतलंस, केळी, फळं, बाळ, गोळी. गोली नव्हे, गोळी. जीभ मागे घे. पुन्हा म्हण. पाहुणे टाळ्या वाजवत होते आणि मी रडत होते, तरी तू थांबली नाहीस.

दोन दिवसांनी आत्याला कळलं. संध्याकाळी डबा ओट्यावर उपडा झाला, पट्टी शेगडीत गेली. कुणी ओरडलं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "असलं घरात नको." पुढच्या वर्षी भाऊ झाला आणि तू रेल्वेच्या दवाखान्यात पंधरा दिवस पडून होतीस, अंगातलं रक्त गेलेलं. परत आलीस ती पांढरी फटक. आधी तू उभ्याने पोळ्या लाटायचीस, नंतर कायम स्टुलावर बसून. काकूंनीच तोंड उघडलं असं तू ठरवलंस आणि मधलं दार लावून घेतलंस. सहा वर्षांनी त्यांची बदली झाली तेव्हा त्या निघताना हळदीकुंकवाची कोयरी घेऊन दाराशी आल्या, दोनदा कडी वाजवली. तू मला खुणेने गप्प राहायला सांगितलंस. मी आत पुस्तक घेऊन बसले होते, पंधरा वर्षांची, सगळं समजत असलेली. एक शब्द बोलले असते तर दार उघडलं असतं. मी पान उलटलं.

मला ह्याचं कधी धड वाईटही वाटून घेता येत नाही. चूक झाली म्हणावं तर भावाला चूक म्हणावं लागतं, आणि तो दर रविवारी फोन करून विचारतो, ताई, जेवलीस का. मी म्हणते, जेवले. तुझ्या शेवटच्या आजारपणात तू काकूंची आठवण काढलीस. म्हणालीस, "एवढी जवळची बाई, का बरं बोलली असेल?" मी तुझे पाय चेपत होते. चेपत राहिले.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तो रव्याचा डबा अजून माझ्याकडे आहे, त्यात ठेवून देईन. काकू नव्हत्या, आई. मी होते. आणि रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, तेही खरं नाही. मी अंगणात नळाशी उभी राहून ते वाक्य तीनदा म्हणून पाहिलं होतं, आणि मग आत जाऊन आत्यापुढे म्हटलं, "आई रोज गोळी खाते." आत्याने आधी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "अगं बाई, आला की ळ!"